भरलेली वजा रिकामी

सावदा-रावेर रस्त्यावर बोरोलेंचा काटा,
तिथे रात्रपाळीला मी.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, बसतो.
भरलेली वजा रिकामी, बाकी केळी.
अकरा वर्षं एवढंच गणित.

मधल्या वेळात मी खुनी शोधतो.

मोबाइलवर एक हॉटेल आहे, बर्फातलं.
मी बर्फ पाहिलाय तो शीतगृहाच्या पाइपांवर, तेवढाच.
पाच पाहुणे, एक प्रेत, तेवीस पायऱ्यांचा जिना
आणि जोडीला कुणी एक 'निळी छत्री'.
आवाज नाही, फोटो नाही,
नुसती अक्षरं उमटतात: कपाट बघितलं?

बघितलं. आत ओला कोट.
खेळातला कोट उगाच ओला नसतो,
कुणीतरी आधीच बसून
आपल्यासाठी तो भिजवून ठेवलेला असतो.
दोरी दिसली की गाठ शोधायची,
घड्याळ बंद असलं की वेळ लिहून घ्यायची.
इथे काट्यावरचं घड्याळ दोन वर्षं सव्वाचारला थांबलंय.
सेल कुणी आणत नाही,
त्यात दुसरं रहस्य नाही.

म्हणून ते हॉटेल बरं वाटतं.
तिथे खोटं बोलणारासुद्धा
नियमानं खोटं बोलतो.

तिसऱ्या रात्री अडकलो.
छत्रीचा संशय स्वयंपाकिणीवर:
बाई रडतेय एवढी, आणि स्वयंपाकघरात कांदा नाही.
माझं बोट लिफ्टच्या वहीवर.
वर जाताना दोनशे बारा किलो,
खाली येताना एकशे एकेचाळीस.
मॅनेजर म्हणतो, पुस्तकांची पेटी वर ठेवून आलो.

एकाहत्तर.
केबिनमध्ये मी एकटाच हसलो.
भरलेली गाडी तोलताना क्लीनर ताडपत्रीखाली झोपतो,
रिकामी तोलताना चहाला उतरतो,
आणि व्यापारी एक आख्खा माणूस
केळीच्या भावानं विकत घेतो.
मी लिहिलं: पेटीत पुस्तकं नव्हती. माणूस होता. वरच राहिला.

बराच वेळ काही नाही. मग:
पण तो तठी करत काय होता?

तठी.
'तिथे' नाही, 'तिकडे' नाही.
हा शब्द बर्फात उगवत नाही.
बोटांना कळायच्या आत निसटला,
पाटाच्या ओल्या कडेवर चप्पल उमटावी तसा.

मग मी हॉटेल सोडून बाहेरच वजा करत बसलो.
एकदा ती म्हणाली होती, थांब, लाइट आली,
मोटर लावून येते.
तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं.
या आठवड्यात रात्रीची थ्री-फेज
आमच्याच फिडरला.
फिडरवर गावं चार.
एका गावाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, ते गेलं.
दुसऱ्याला रेंज नाही, तेही गेलं.
उरली दोन.
छत्रीचा मात्र काही उपयोग झाला नाही.
खत कंपनीनं यंदा सगळ्यांनाच निळ्या छत्र्या वाटल्यात,
रोज चार-पाच ट्रॅक्टर
त्याच सावलीत काट्यावर येतात.

काल 'आरोप करा' हे बटण तिनं दाबलं.
मॅनेजरनं सहा ओळींत सगळं कबूल केलं,
का, कशानं, कधीपासून मनात होतं.
बर्फ थांबला. पडद्यावर टाळ्या.
इतकं आवरून झालेलं दुःख
मी गावात कधी पाहिलं नाही.

नवी केस उघडायची की नाही, खेळ विचारत होता.
तिनं त्याला उत्तर दिलं नाही, मला लिहिलं:
तू काट्यावर असतोस ना?
एकाहत्तर इतक्या लवकर
दुसऱ्या कुणाला सापडलं नसतं.

मी 'नाही' लिहिलं.
पुसलं.
पुन्हा तेच लिहून पाठवलं,
का, ते अजून सांगता येत नाही.
पलीकडे तीन टिंबं हलली, थांबली, हलली.

तेवढ्यात दिल्लीची गाडी चढली.
"लीलाधरभो, पावती!"
मी खिडकीतून ओरडलो:
आधी क्लीनरला खाली उतरव.